सापडेपर्यंत

दाढेजवळ सुई टोचून डॉक्टरने लोरेन ॲस्क्यूला परत बाहेर आणून बसवलं. बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील, तोवर आणखी एका बाईचं बघून घेतो, म्हणाला. लंडनमधल्या ल्युइशमच्या त्या दवाखान्यात भिंतीवर एक पडदा होता. दात कसे घासावेत, हिरड्यांतून रक्त का येतं, असलं काहीबाही त्यावर आवाज बंद करून दिवसभर चालायचं, मधूनमधून जाहिराती. लोरेनचं तिकडे लक्ष नव्हतं. ओठाची डावी कड हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी व्हायला लागली होती आणि ती जिभेने तिचा ठाव घेत बसली होती. समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल एकाएकी हसलं म्हणून तिने मान वर केली, तर पडद्यावर रॉय स्टॅनिलँड. लग्नातला सूट, कोटाच्या काजात पांढरं फूल, ओले करून चापून बसवलेले केस, आणि उजव्या खांद्यावर कुणा बाईची चार बोटं. बाकीची बाई कापून टाकलेली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मागे राहणाऱ्यांचा विचार केलात?’ अंत्यविधीची आधीपासूनच तजवीज करून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती ती. ज्याच्या पेटीवर मूठभर माती टाकायची संधी कुणाला मिळाली नाही, ज्याची पेटीच कधी झाली नाही, त्या माणसाला त्यांनी या कामाला जुंपलं होतं.

आठ सेकंदांत जाहिरात गेली आणि पुन्हा दात घासायचा ब्रश आला. लोरेनला आधी वाटलं, औषधाचा परिणाम असेल. चौतीस वर्षांत आपण हा चेहरा विसरलो आहोत असं ती स्वतःला सांगत आली होती. कुठलं काय! नावासकट, बोटीसकट, घराच्या दाराच्या रंगासकट सगळं एका क्षणात हजर झालं. ती पडद्याकडे टक लावून बसली. रॉय पुन्हा आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा येईपर्यंत तिला आत बोलावलं.

खुर्चीत आडवं पडून, तोंडात ती लाळ ओढणारी नळी अडकवून, डोळ्यांवर दिवा घेऊन माणूस करणार काय? विचारच करणार. तिला कुणावर तरी चिडायचं होतं. जाहिरात करणाऱ्यावर चिडावं तर तो करणारा कोणी नव्हताच बहुधा. पूर्वी असं चित्र हवं असेल तर कुणीतरी फोन करायचं, वृत्तसंस्थेच्या चित्रविभागातला कुणीतरी जांभया देत पाकीट काढायचा, पाठीमागचं वाचायचा आणि म्हणायचा, छे, हे नाही जमणार, दुसरं देतो. आता एका यंत्राने मागितलं असेल, हसरा, साधासुधा, जुन्या काळातला पुरुष. आणि दुसऱ्या यंत्राने आपल्या रकान्यात डोकावून सांगितलं असेल, घे. त्या दुसऱ्या यंत्राला ‘घे’ म्हणायला ज्या बाईने शिकवलं ती आत्ता आ वासून या खुर्चीत पडली होती. दाढ उपटताना डॉक्टरने विचारलं, दुखतंय का? तिने मानेनेच नाही म्हणून सांगितलं. खरोखरच काही दुखत नव्हतं.

चौतीस वर्षं ती एकाच वृत्तसंस्थेत होती. आधी बातमीदार, मग चित्रविभागात, आणि गेली सहा वर्षं एका लांबलचक नावाच्या जागेवर, जिचा अर्थ तिने आपल्या बहिणीलाही कधी धड समजावून सांगितला नव्हता. खरं तर काम समजायला सोपं होतं. संस्थेतून जी बातमी, जे चित्र बाहेर जायचं त्याच्या तळाशी पूर्वी एक ओळ असायची. अमुक तारखेनंतर छापू नये. फक्त बातमीसोबत. मासिकांना देऊ नये. कुणी कुणाला तरी सांगितलेली ओळ, म्हणून तिच्यात कृपयाही असायचं आणि कधी राग असायचा. बेलफास्टच्या एका बातमीदाराने एका चित्रामागे लिहून ठेवलं होतं, ‘ह्याच्या आईला पुन्हा फोन करू नका, मी सांगतोय.’ आता त्या ओळी वाचणारी माणसंच उरली नव्हती. चित्रं यंत्रं उचलत होती आणि यंत्रांना कृपया कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीची तीन खणांत वाटणी करायची: मुभा, मनाई, अट. मग कोणाला, कुठे, कधीपर्यंत. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी सहा वर्षं गेली. व्हिएन्नात बैठका, लिस्बनला बैठका, पंधरा देशांच्या वृत्तसंस्थांची माणसं, गारढोण सँडविचं. हेलसिंकीहून येणारे एक सद्गृहस्थ ‘अंत्ययात्रेनंतर’ ही तारीख आहे की घटना यावर दोन दिवस बोलले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच आपलं म्हणणं मागे घेतलं होतं. लोरेनला त्या माणसाचा हेवा वाटला होता. तिला कुठल्याच गोष्टीबद्दल दोन दिवस बोलता आलं नसतं. ती थकली होती, आणि तो थकवा झोपेने जाणारा नव्हता. सहा आठवड्यांनी नोकरी सुटणार होती, तेव्हा बघू, असं ती म्हणायची.

संस्थेच्या जुन्या भांडारातल्या चित्रांमागच्या ओळी जेव्हा उतरवून काढल्या तेव्हा त्यांचे चारशे बारा प्रकार निघाले. तुंडे बॅमिडेले नावाचा तिच्याहून वीस वर्षांनी लहान, गोड स्वभावाचा, टोमणे मारण्यात पटाईत असा एक सहकारी तिच्याबरोबर होता. तो एकेक प्रकार वाचायचा, ती सांगायची, हा या खणात टाक, तो त्या खणात. चित्रं समोर नसायची, नुसत्या ओळी. गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी, पावणेपाच वाजता, तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या प्रकारावर तुंडे थांबला. म्हणाला, हा एकच आहे, याच्यासारखा दुसरा नाही. ‘सापडेपर्यंत.’ याची तारीख काय घालू? लोरेनने खिडकीबाहेर बघितलं. ती ओळ तिच्या ओळखीची होती. कुणाची आहे, कुठल्या चित्रामागची आहे, कुठल्या पेन्सिलीने लिहिली आहे, हे सगळं तिला त्याच क्षणी कळलं होतं. नाही कळलं असं आता म्हणण्यात काही अर्थ नव्हता. पण चित्र उघडायचं म्हणजे त्याच्याकडे बघायचं. ती म्हणाली, रिकामं ठेव. आणि रिकाम्या खणाचा अर्थ ‘मनाई नाही’ असा धरायचा, हेही तिनेच त्याआधी महिनाभर भांडून सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं, कारण तसं न धरलं तर निम्म्याहून जास्त भांडाराला कुलूप लागलं असतं. तुंडेने रिकामं ठेवलं. मग दोघांनी आपापले कोट उचलले आणि घरी गेले.

दवाखान्यातून ती बसने थेट कचेरीत गेली. जबड्याची डावी बाजू पार गेलेली. कॉफीचा एक घोट घेतला तर तो हनुवटीवरून खाली. तुंडे म्हणाला, आज तोंडाला कुलूप आहे म्हणजे दुपारची बैठक वीस मिनिटांत आटपणार, देव आहे म्हणायचा. ती हसली तर हसूही अर्ध्याच तोंडाने आलं. तो घाबरला आणि म्हणाला, घरी जा ना बाई. तिने हातानेच त्याला उडवून लावलं आणि खुर्ची वळवून, पडदा आपल्याकडे ओढून घेऊन रॉयचं चित्र उघडलं. त्याच्यासोबत पाठीमागची बाजूही होती. कुणीतरी इमानेइतबारे तीही उतरवून ठेवली होती. पेन्सिलीचं तेवीस वर्षांच्या पोरीचं अक्षर, ‘र’ला उगीच लांब शेपूट काढलेली. रॉय स्टॅनिलँड, ३१. ‘ॲनी थॉर्न’. पत्नीकडून. सापडेपर्यंत वापरावे, नंतर नाही. शब्द दिला आहे. आणि खाली तिची आद्याक्षरं.

नव्वदचा जानेवारी. संस्थेच्या उत्तरेकडच्या कचेरीत लागून तिला तीन आठवडे झाले होते. ‘ॲनी थॉर्न’ ही ग्रिम्सबी बंदराची मासेमारीची बोट चौघांसकट बेपत्ता होऊन दोन दिवस झाले होते आणि साहेबांनी तिला पाठवताना एवढंच सांगितलं होतं, दार वाजव, वाईट वाटलं म्हण, चहा देतील तो पी, आणि फोटो घेऊन ये. आणि हे बघ, एकच नाही, अल्बममधले असतील नसतील तेवढे सगळे आण, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या वर्तमानपत्रवाल्यांना काही राहणार नाही. या धंद्यात सगळेच हे करत. मेलेल्याच्या घरचं दार वाजवणं ज्याला जमत नाही त्याने दुसरी नोकरी बघावी, असं दारूच्या गुत्त्यात सगळे म्हणायचे, आणि म्हणताना दुसरीकडे बघायचे. हिरवं दार होतं. ते उघडलं तेव्हा लोरेनने पाठ केलेलं वाक्य अर्धं म्हटलं आणि ती रडायला लागली. ग्लेनिस स्टॅनिलँडनेच तिला आत घेतलं, बसवलं, नाक पुसायला चहाचं फडकं दिलं. ग्लेनिस तिच्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी असेल. स्वैपाकघरात कपड्यांचा ढीग तसाच पडलेला होता. नवरा दर्यावर निघाला की त्या दिवशी त्या भागातल्या बायका कपडे धूत नाहीत, हात हलवून निरोप देत नाहीत. मी दोन्ही पाळलं होतं, ग्लेनिस म्हणाली. तक्रार नव्हती त्यात; हिशेब चुकतोय कुठे ते बघत असावी तशी म्हणाली. आणि मग आपणहून उठून भिंतीवरचं लग्नाचं चित्र काढून आणलं. अल्बमचं लोरेनने विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी पुढे कितीतरी वर्षं तिने स्वतःला चांगलं म्हणून घेतलं.

“हे घे,” ग्लेनिस म्हणाली होती. “मला काप हवं तर, त्याचं तोंड नीट येऊ दे. सगळीकडे छाप. कुठं नॉर्वेला, हॉलंडला किनाऱ्याला लागला तर ओळखायला हवा की नाही कुणीतरी? सापडेपर्यंत वापर. सापडला की मात्र बस. मग तो माझा. मग कुणी त्याच्याकडं बघायचं नाही.”

लोरेनने शब्द दिला. तिने गावातल्या फोटोवाल्याकडून त्याची प्रत काढली, मूळ चित्र त्याच दिवशी परत नेऊन भिंतीवर आपल्या हातांनी टांगलं, आणि प्रतीच्या मागे ती ओळ लिहिली. पुढच्या पंधरा दिवसांत चौघांपैकी दोघे सापडले. एक डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, एक दुसऱ्याच बोटीच्या जाळ्यात. रॉय आणि त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा असलेला स्वैपाकी, हे दोघे नाही. काही महिने लोरेन रोज सकाळी किनारपट्टीच्या पोलिसांना फोन करून विचारायची. मग आठवड्याने एकदा. मग तिची लंडनला बदली झाली. तिने ग्लेनिसला एक पत्र लिहायला घेतलं होतं. सुरुवात जमली नाही. पुढे लग्न, मग ते मोडलं, मग आई अंथरुणाला खिळली ती चार वर्षं. आणि या सगळ्याखाली कुठेतरी तळाला ती एक ओळ पडून राहिली. तिचा त्रास असा नव्हता. पायात बारीक काच गेलेली असते, कातडी वरून येते, माणूस चालत राहतो, तसं. आपण एका बाईला शब्द दिला आणि तो पाळला, असं तिने धरून चाललं होतं. वापर कुठे होतोय आता? तिकडे ग्रिम्सबीच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर एका पानावर चौघांची चित्रं ओळीने लावलेली होती, ‘ॲनी थॉर्न’ची माणसं म्हणून, तेवढंच. आणि आता ही जाहिरात. दातांच्या दवाखान्यांत, टपाल कचेऱ्यांत, दर काही मिनिटांनी आठ सेकंद. मागे राहणाऱ्यांचा विचार केलात? आणि मागे राहिलेली बाई कापलेली, चार बोटांवर.

आता काय करायचं ते उघड होतं. मनाईच्या खणात खूण करायची, सगळ्यांना, सगळीकडे, कायमची. हे पूर्वी शक्य नव्हतं. पूर्वी ‘चित्र रद्द’ अशी सूचना तारेने जायची आणि निम्मी वर्तमानपत्रं ती वाचायची नाहीत. आता ज्याने ज्याने ते चित्र घेतलं असेल त्याचं यंत्र तासाभरात येऊन विचारणार आणि मुकाट्याने चित्र काढून टाकणार. यासाठीच तर सहा वर्षं घासली. लोरेनच्या अंगात कितीतरी दिवसांनी थोडा जोर आला. करण्याआधी ग्लेनिसला फोन करावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. नाही असं नाही. तिने शोधलंही. त्याच रस्त्यावर त्याच घराला जी. स्टॅनिलँडच्या नावाचा नंबर होता. पण तोंड चालत नव्हतं. चौतीस वर्षांनी फोन करायचा आणि दारुड्यासारखं बरळायचं? उद्या करू. आधी हे चित्र खाली येऊ दे, मग सांगायला तरी काहीतरी चांगलं हातात असेल. हे सगळं तिने स्वतःला अगदी व्यवस्थित पटवून दिलं. खरी गोष्ट एवढीच की तिला भीती वाटत होती.

खूण केली तर यंत्राने कारण विचारलं. हेही तिच्याच समितीचं काम. कारणाशिवाय मनाई नको, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि काहीही बंद करेल, असं ठरलं होतं. पाच कारणं होती, त्यांतलं एक निवडायचं. हक्क दुसऱ्याकडे गेले. न्यायालयाचा आदेश. मुदत संपली. देणाऱ्याची अट पूर्ण झाली. संस्थेची चूक. लोरेनने बोट शेवटच्यावर नेलं. चूक म्हटलं की चौकशी लागणार. तिला ते माहीत होतं, कारण तेही तिनेच घालून घेतलं होतं. अहवाल, दोन बैठका, तुंडेचंही नाव त्यात येणार, मार्चमधला तो शुक्रवार कोणीतरी उकरून काढणार, रिकामा खण का ठेवला, चित्र का उघडलं नाही. सहा आठवडे राहिले होते. तिने बोट एक ओळ वर घेतलं. अट तर होतीच की, सगळ्यांत जवळचं तेच होतं. कारण कोण वाचतं, यंत्रंच ना? देणाऱ्याची अट पूर्ण झाली. तिने दाबलं. पाऊण तासाने तिने ग्रिम्सबीच्या वर्तमानपत्राचं पान उघडून बघितलं: तिघे होते, आणि रॉयच्या जागी एक करडा चौकोन, आत बारीक अक्षरांत काहीतरी. तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि दाढेची जागा ठणकायला लागली, तर तिला ते दुखणंही बरं वाटलं. रात्री ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला नाही. गाल सुजला होता. तिने तुंडेला मात्र दुपारी जेवताना एवढं सांगितलं की एक जुनी गोष्ट होती ती मार्गी लावली, आणि तो म्हणाला, बघ, निघायची वेळ आली की माणसं कपाटं आवरायला लागतात. तुझ्या कपाटात मेलेलं काय काय निघतंय देव जाणे. ती हसली, पूर्ण तोंडाने. त्या संध्याकाळी घरी जाताना तिला दुकानांच्या काचा, बसथांब्यावरची माणसं, सगळं स्वच्छ पुसून ठेवल्यासारखं दिसलं, आणि नोकरी सुटल्यावर समुद्राकडे कुठेतरी आठवडाभर जाऊन राहावं असंही मनात आलं. समुद्र बघायला आवडत नाही असं ती इतकी वर्षं लोकांना सांगत आली होती.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खालच्या टेबलावरच्या मुलीने फोन जोडून दिला. म्हणाली, ग्रिम्सबीच्या कुणी मिसेस स्टॅनिलँड आहेत, तक्रार आहे का विचारलं तर नाही म्हणतात, आणि ज्या पोरीने फोटो नेला होता तिच्याशीच बोलायचंय म्हणतात. नाव आठवत नाही त्यांना, फक्त आमच्या दारात रडली होती ती, असं सांगतात. मी म्हटलं, इतकी जुनी तर लोरेनच आहे. लोरेनने दार लावून घेतलं. आभार मानेल, असं तिला वाटलं. किंवा जाहिरातीवरून शिव्या घालेल. घालू दे, आता ती खाली आली आहे.

“तूच ना ती?” आवाज म्हातारा झाला होता पण तोच होता. “चहाच्या फडक्याला नाक पुसलंस ती?”

“हो. मीच. मिसेस स्टॅनिलँड, मी तुम्हाला फोन करणारच—”

“कुठं सापडला?”

लोरेनला काही कळेना. ग्लेनिस आता भराभरा बोलायला लागली. परवा संध्याकाळी तिच्या भाचीने पान उघडून दाखवलं. चौघांतून हा एकटाच काढलेला. म्हातारा स्वैपाकी आहे, जे दोघे तेव्हाच मिळाले तेही आहेत, हा एकटा नाही. आणि चौकोनात लिहिलंय, देणाऱ्याची अट पूर्ण झाली. भाचीला काही उमगलं नाही, पण अट काय होती ते मला ठाऊक आहे ना, ग्लेनिस म्हणाली, मला आणि तुला. दुसरं कुणाला ठाऊक आहे? तिने पोलिसांना फोन केला होता. तिथला माणूस चांगला बोलला, म्हणाला माझ्याकडे अजून काही आलेलं नाही, बघून सांगतो. म्हणजे आधी घरी माणूस पाठवतील, असं तिने धरलं. असल्या गोष्टी फोनवर सांगत नाहीत. ओळख पटवायला न्यावं लागेल, आता ओळखण्यासारखं काय असणार ते कळतंय मला, मी काही वेडी नाही, पण जायला तर हवंच. तर काल सकाळपासून मी कोट घालून बसलेय. बूटसुद्धा. रात्री खुर्चीतच टेकले. कोणी आलं नाही म्हणून शेवटी तुला शोधलं.

लोरेन म्हणाली, आमच्याकडे एक यादी असते, यंत्र कारण विचारतं, पाच कारणं. आणि थांबली. दाढेच्या जागी जीभ गेली. तिथे नुसता खड्डा होता. आता जे वाक्य म्हणायचं होतं ते ग्लेनिसला चौतीस वर्षांपूर्वीच कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते कुणीच म्हटलं नव्हतं, पोलिसांनी नाही, बोटीच्या मालकांनी नाही. सगळे म्हणाले होते, काही कळलं की कळवू.

“मिसेस स्टॅनिलँड, रॉय सापडलेला नाही.”

पलीकडे घड्याळाची टिकटिक होती, की नळाचं थेंबथेंब पाणी, ते कळत नव्हतं.

“मग लिहिलं कुणी तसं?”

“मी लिहिलं. चूक झाली माझी. त्या अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीत मी त्याला पाहिलं आणि मला लाज वाटली. मला वाटलं, मी दिलेला शब्द मोडला. म्हणून मी त्याला सगळीकडून काढून टाकलं.”

“बघितली होती मी ती,” ग्लेनिस म्हणाली. “टपालात लागते. तिथं चांगला मोठा दिसायचा. मी आपली रांगेत दोनदा उभी राहायचे.” मग म्हणाली, “मी सापडेपर्यंत म्हटलं होतं, पोरी. तुला लाज वाटेपर्यंत नव्हतं म्हटलं.”

लोरेन हो म्हणाली. परत लावते, आत्ता लावते, असं ती म्हणायला गेली, चौकशी होईल ती होऊ दे, रकान्यात तारीख नाही तर नाही, हाताने लिहीन. तेवढ्यात तिकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

“फोन ठेवू नकोस,” ग्लेनिस म्हणाली. “थांब जरा. कोट काढून येते.”